चार सेंटिमीटर कुठे गेले? शाळेतील टिंकरिंग लॅब नेमकी कशासाठी असते

ऐरोलीतील एका शाळेच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सातवीच्या चार मुलांचा गट समोरच्या भिंतीचे अंतर मोजत होता. टेबलावर आर्डुइनोचा, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या सर्किटचा बोर्ड होता, त्याला दोन डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासोनिक सेन्सर जोडलेला होता आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एकाखाली एक आकडे उमटत होते : १९६, १९६, १९५, १९६. मोजपट्टी मात्र २०० सेंटिमीटर सांगत होती. मुलांनी मोजपट्टी पुन्हा लावून पाहिली, सेन्सर बदलून पाहिला, जंपर वायरी काढून पुन्हा खोचल्या, तरी चार सेंटिमीटर काही सापडेनात.

मी उपकरणशास्त्राचा अभियंता असून दर शनिवारी त्या खोलीत स्वयंसेवक म्हणून जातो. उत्तर मला पहिल्या मिनिटाला कळले होते आणि पुढची चाळीस मिनिटे ते तोंडातून बाहेर पडू न देणे हेच त्या दिवशीचे माझे मुख्य काम होते. या खोलीला हल्ली टिंकरिंग लॅब म्हणतात. टिंकरिंगसाठी मराठीत ‘खुडबुड’ हा अगदी जवळचा शब्द आहे. घरातले बंद पडलेले घड्याळ उघडून बसलेल्या मुलाला आपण ‘काय खुडबुड चालली आहे?’ असे दरडावून विचारतो, तीच ही खुडबुड. फरक इतकाच की येथे तिच्यासाठी जागा, हत्यारे आणि वेळ राखून ठेवलेला असतो. अशा खोलीत मूल नेमके काय शिकते, कसे शिकते आणि पुष्कळदा तेथे काहीच का शिकत नाही, हे समजून घ्यायचे असेल तर आधी ते चार सेंटिमीटर शोधावे लागतील.

हा सेन्सर वटवाघळाप्रमाणे काम करतो. त्याचा एक डोळा ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो. तो आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि दुसरा डोळा तो पकडतो. सेन्सर अंतर मोजतच नाही, तो फक्त जाण्यायेण्याला लागलेला वेळ सांगतो. त्या वेळेला आवाजाच्या वेगाने गुणायचे आणि उत्तर निम्मे करायचे, कारण आवाजाने तेच अंतर दोनदा कापलेले असते. हा गुणाकार प्रोग्रॅम करतो आणि त्यासाठी लागणारा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, प्रोग्रॅममध्ये आधीच लिहून ठेवलेला असतो.

गटातल्या एका मुलाचे म्हणणे पडले की मोजपट्टीच्या टोकाचा लोखंडी आकडा सैल आहे, त्यामुळे मोजमाप चुकते. दुसऱ्याचा संशय सेन्सरवरच होता. वाद वाढला तेव्हा मी एवढेच म्हटले की फक्त दोन मीटरवरच मोजू नका. त्यांनी सेन्सर ५० सेंटिमीटरवर ठेवला तेव्हा उत्तर ४९ आले आणि १०० वर ठेवला तेव्हा ९८. वही सांभाळणाऱ्या मुलीने हे आकडे एकाखाली एक लिहिले आणि थोड्या वेळाने ती म्हणाली, “काका, पट्टीचा आकडा सैल असता तर सगळीकडे सारखाच फरक आला असता. हा तर अंतराबरोबर वाढतोय.”

मोजमापाच्या शास्त्रातला एक फार महत्त्वाचा भेद तिने त्या वाक्यात सांगितला होता. काही चुका ठरावीक रकमेच्या असतात. वजनकाट्यावर आधीपासून पिशवी ठेवलेली असावी, तशा. काही चुका प्रमाणात वाढतात, आणि अशा वेळी गुणाकाराचा आकडाच चुकलेला असतो. येथे गुणायला एकच आकडा होता, तो म्हणजे ३४३. तो कुठून आला हे शोधताना त्यांना कळले की हा आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेतला आहे. भिंतीवरचा तापमापक ३२ दाखवत होता. हवा तापली की तिचे रेणू अधिक वेगाने हलतात, एकाचा धक्का दुसऱ्याला लवकर पोहोचतो आणि आवाज भरभर पुढे जातो. दर अंशामागे त्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ३२ अंशांना तो ३५० च्या थोडा वर जातो. आवाज अपेक्षेपेक्षा लवकर परतला, म्हणून बिचाऱ्या प्रोग्रॅमला भिंत जवळ वाटली. प्रोग्रॅममध्ये नवा आकडा घातल्यावर पडद्यावर २०० उमटले, आणि त्यानंतर खोलीत जो गोंगाट झाला तो ऐकून खालच्या मजल्यावरून शिपाईमामा वर आले.

हाच धडा फळ्यावर शिकवायला पाच मिनिटे पुरली असती. ‘तापमान वाढले की ध्वनीचा वेग वाढतो’ हे वाक्य मुलांनी वहीत उतरवले असते आणि परीक्षेत अचूक लिहिलेही असते. फळ्यावरचे वाक्य शिक्षकांनी सांगितले म्हणून खरे ठरते. या मुलांसाठी मात्र ते खरे ठरले ते बाकीचे सगळे संशय एकेक करून खोटे निघाल्यावर. मुलाने स्वतः अंदाज बांधायचा, त्या अंदाजाला वस्तूने होकार किंवा नकार द्यायचा आणि नकार आला तर का आला ते मुलानेच शोधायचे, या तीन गोष्टी जेथे घडतात ती टिंकरिंग लॅब, असे मी मानतो. मग तेथे लाखभर रुपयांचे यंत्र असो वा नसो.

या विचाराला सिद्धान्ताचाही आधार आहे. मूल म्हणजे ज्ञान ओतायचे रिकामे भांडे नव्हे, ते अनुभवांतून आपली समज स्वतः रचत असते, अशी मांडणी स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी केली. त्यांच्यासोबत जिनिव्हात काम केलेले गणितज्ञ सेमूर पेपर्ट यांनी पुढे जाऊन सांगितले की ही रचना सर्वांत चांगली होते ती मूल दुसऱ्याला दाखवता येईल अशी काही वस्तू प्रत्यक्ष बनवत असताना. १९६७ मध्ये पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी तयार केलेली ‘लोगो’ ही संगणकभाषा याच विचारातून आली. तिच्यात पडद्यावरच्या कासवाला ‘पुढे जा, वळ’ अशा आज्ञा देऊन मुले भूमिती करतात. कासव चुकीकडे वळले की मूल स्वतः उभे राहून, दोन पावले टाकून, वळून बघते आणि आज्ञा दुरुस्त करते. चुकीला येथे लाल शाईची रेघ मिळत नाही.

विज्ञान केंद्र आणि टिंकरिंग लॅब यांतला फरकही येथेच सांगितलेला बरा. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले. मांडलेल्या वस्तूंना हात लावून पाहण्याची मुभा हे त्या संग्रहालयाचे वैशिष्ट्य. आपल्याकडे वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून त्याच धर्तीवर चालू आहे आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या कित्येक पिढ्यांची पहिली शालेय सहल तेथेच गेलेली आहे. अशा केंद्रात कुतूहल जागे होते, हे मोठेच काम आहे. पण तेथील प्रत्येक खेळण्याचे उत्तर ते बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. शाळेच्या प्रयोगशाळेतही जर्नलमध्ये कोणता निष्कर्ष लिहायचा हे प्रयोगाआधीच ठाऊक असते, आणि निरीक्षणे नीट आली नाहीत तर शेजारच्या टेबलावरून ती उतरवून घेण्याची कला आपण सर्वांनीच अवगत केली होती. टिंकरिंग लॅबमध्ये उत्तर कोणालाच ठाऊक नसण्याची सोय असते.

ही कल्पना बाहेरून आलेली आहे असे समजण्याचे कारण नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा गाभा हाच होता की हस्तोद्योगाच्या आधाराने बाकीचे विषय शिकवावेत. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला आणि तो ३० वर्षे चालला. त्याच उपक्रमात गेलेल्या अरविंद गुप्ता नावाच्या अभियंत्याने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीची घडणारी-मोडणारी मॉडेले केली. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र कलंडतो, हे त्या दोन-चार रुपयांच्या सामानातून बोटांना कळते. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून हे काम महाराष्ट्रातल्या असंख्य शिक्षकांपर्यंत पोहोचले. पुणे जिल्ह्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला, जेथे मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती आणि वीजजोडणी करता करता विज्ञान शिकतात. अमेरिकेच्या एमआयटीने फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवून पाहण्याची यंत्रसज्ज कार्यशाळा, ही कल्पना जगभर नेली तेव्हा २००२ मध्ये तिच्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांत पाबळचा समावेश होता.

आज शाळाशाळांत दिसणाऱ्या खोल्या मुख्यतः नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून आल्या आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेखाली अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते; त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि उरलेले १० लाख जास्तीत जास्त पाच वर्षांच्या चालवण्याच्या खर्चासाठी. इयत्ता सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या खोलीत इलेक्ट्रॉनिक्स आणि सेन्सर, थ्रीडी प्रिंटर, सुतारकाम-यंत्रकामाची हत्यारे आणि मोजमापाची साधने असतात. देशभरात अशा १० हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असून २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार उभारण्याची घोषणा झाली. नवीन शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी सुचवलेले वर्षातले दहा दप्तराविना दिवसही याच दिशेचे आहेत.

आकडे मोठे आहेत, आणि म्हणूनच या खोल्या कशामुळे फसतात हेही सांगायला हवे. पहिले कारण कुलूप. महागडे सामान हरवले तर हिशेब द्यावा लागतो, म्हणून ते काचेच्या कपाटात राहते आणि पाहुणे आले की बाहेर निघते. मी पाहिलेल्या एका शाळेत मल्टीमीटरच्या पडद्यावरचे पारदर्शक प्लॅस्टिक तीन वर्षांनीही निघालेले नव्हते. थ्रीडी प्रिंटरचे वेगळेच. वायरीसारखे गुंडाळलेले प्लॅस्टिक सुमारे २०० अंशांवर वितळवून हे यंत्र साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचे थर एकावर एक घालते, म्हणजे २ सेंटिमीटर उंचीच्या वस्तूला १०० थर लागतात आणि त्यात सहज तासभर जातो. वर्गात ४० मुले असतील तर प्रत्येकाच्या नावाची किचेन छापायला प्रिंटर आठवडाभर अडकून पडतो आणि मुले हात बांधून बघत उभी राहतात. पाहुण्यांना मात्र सर्वांत आधी तोच दाखवतात. माझे मत विचाराल तर पुठ्ठा, कटर, ग्लू गन आणि टॉर्चचे बल्ब यांवर झालेला खर्च त्याहून अधिक फळतो.

दुसरे कारण अधिक फसवे आहे, कारण त्यात हात चालताना दिसतात. तयार किट येते, त्यासोबत पुस्तिका येते. लाल वायर पाचव्या भोकात, काळी वायर नवव्या भोकात असे करत गेले की दिवा लागतो, टाळ्या वाजतात. मुलाने जोडणी केली, विचार मात्र पुस्तिकेने केला. यावर उपाय अगदी साधा आहे. समजा एका सेलला दोन सारखे बल्ब एकामागून एक जोडायचे आहेत. बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक मुलाने वहीत लिहायचे की कोणता बल्ब जास्त उजळेल. बहुतेक मुले पहिल्या बल्बचे नाव लिहितात, कारण त्यांच्या मनात वीज ही पाण्यासारखी पहिल्या बल्बवर थोडी ‘खर्च’ होऊन पुढे जाते. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच पेटतात, कारण एकाच वाटेवर प्रवाह सगळीकडे तेवढाच असतो. खर्च होते ती ऊर्जा. अंदाज लिहून ठेवला असेल तरच हा धक्का बसतो. न लिहिता बटण दाबले तर ‘मला माहीतच होते’ असे म्हणायला सगळे मोकळे असतात, मोठी माणसेही.

आणखी एक गोष्ट लक्ष ठेवल्याशिवाय दिसत नाही. मुलामुलींचा मिश्र गट असला की सोल्डरिंगची, म्हणजे धातू वितळवून वायरी जोडण्याची सळई मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात आपोआप जाते. कोणी सांगत नाही, तरी जाते. आता आम्ही दर वीस मिनिटांनी घंटा वाजवून कामे बदलतो. सळईचे टोक साडेतीनशे अंशांपर्यंत तापते, त्यामुळे डोळ्यांवर गॉगल आणि ओला स्पंज सक्तीचा. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगला मुलांनी हात लावायचा नाही, सगळी कामे ५ किंवा ९ व्होल्टवर. एवढी पथ्ये पाळली तर भीतीचे कारण उरत नाही.

कोपरखैरण्यात राहणाऱ्या आठवीच्या एका मुलीचे काम मला येथे सांगायलाच हवे. तिच्या सोसायटीत पहाटे पंप लावून वॉचमनकाका गेटवर जात आणि गच्चीवरची टाकी भरून वाहू लागे. तिने ठरवले की टाकीच्या झाकणाखाली तोच अल्ट्रासोनिक सेन्सर लावायचा आणि पाणी वर आले की मोबाइलवर संदेश पाठवायचा. तिला आम्ही एकच काम दिले, वॉचमनकाकांशी बोलून ये. काकांचा फोन साधा होता, तो चार्जिंगला लावून ते गेटवर जात. त्यांना केबिनच्या बाहेर ऐकू येईल अशी घंटा हवी होती. संदेश गेला, घंटा आली. मग दुसऱ्या आठवड्यात सेन्सर बंद पडला, कारण टाकीच्या आतली वाफ झाकणावर थेंब होऊन साचते आणि त्या थेंबांनी त्याच्या पिना गंजल्या. मग तिने पाणी आत न शिरणारा सेन्सर आणला, तर त्याला २० सेंटिमीटरपेक्षा जवळचे दिसतच नाही. टाकी भरत आली की, म्हणजे नेमकी गरज पडली की, तो वाटेल ते आकडे सांगू लागे. शेवटी एका प्लंबरने तिला दुकानात मिळणारा तरंगता स्विच दाखवला. पाणी चढले की तरंगणारा गोळा वर येतो आणि विजेचे मंडल पूर्ण होते. दोन वायरी, एक बॅटरी, एक घंटा. आर्डुइनो नाही, प्रोग्रॅम नाही.

विज्ञान प्रदर्शनात त्या टेबलासमोर परीक्षक फार थांबले नाहीत. शेजारी थर्माकोलची चकचकीत स्मार्ट सिटी होती आणि तिच्यातले दिवे कोणाच्या वडिलांनी रात्री जागून जोडले होते हे सगळ्यांनाच कळत होते. मला मात्र त्या वर्षातले सर्वांत चांगले काम घंटेचेच वाटले. तिच्या वहीत चार फसलेल्या रचना तारखांसह होत्या आणि प्रत्येकीखाली ‘का फसले’ असा रकाना होता. तंत्रज्ञान शिकण्यात ते कधी नको हे कळणेही येतेच.

आपल्या मुलाच्या शाळेत अशी खोली असेल तर पालकांनी तेथे जाऊन यंत्रे मोजत बसू नये. टेबलांवर डाग आहेत का, अर्धवट सोडलेली कामे पुढच्या आठवड्यासाठी जपून ठेवायला फळी आहे का, आणि मुलांच्या वहीत चुकलेले अंदाज खोडलेले आहेत की तसेच ठेवलेले आहेत, एवढे पाहिले तरी पुरेसे कळते. खोली नसेल तर शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एक मोकळा तास आणि दोन खोकी सामान मिळवून देणे हे पालक-शिक्षक संघाच्या आवाक्यातले काम आहे. वाशीच्या खाडीपुलापलीकडे मानखुर्दला टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच विषयावर काम करते आहे, आणि डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी सहावी-नववीतली पुष्कळ मुले लेखी परीक्षा देतात, तिच्याही पुढच्या फेऱ्यांत प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो. स्पर्धेच्या शिकवण्या लावण्यापेक्षा त्या प्रकल्पाचा विषय मुलाला स्वतः शोधू द्यावा.

ऐरोलीच्या त्या गटाने जानेवारीतल्या एका सकाळी आपण होऊन तोच सेन्सर पुन्हा भिंतीसमोर मांडला. प्रोग्रॅममध्ये त्यांनी ३४३ हा जुना आकडा मुद्दाम परत लिहिला होता. तापमापक २२ अंश दाखवत होता आणि पडद्यावर १९९ उमटले. वही सांभाळणाऱ्या मुलीने तो आकडा ऑक्टोबरच्या १९६ शेजारी लिहिला, त्याखाली ‘जुलै’ असे लिहून पुढची जागा रिकामी ठेवली आणि मला विचारले, “काका, पावसाळ्यात हवा दमट असते. त्यानेही काही फरक पडत असेल का?” मी खांदे उडवले. तिने ‘जुलै’च्या पुढच्या रिकाम्या जागेत आपला अंदाज पेन्सिलीने लिहून ठेवला.